तुना पुस्तकमा विहीर कितली शे?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं, झोक्यावर बसायचं, खापराची पुरणपोळी आमरसाशी खायची, हे गेल्या तीस वर्षांत मी क्वचितच चुकवलं असेल. या वर्षीची आखाजी मात्र वेगळी होती. आबांना, म्हणजे वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली. सण झाला की दुसऱ्या दिवशी वाटणीला बसायचं, असं दोघा भावांनी ठरवलं होतं. "तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेस, हिशोब तूच मांड," असं दादानं फोनवरच सांगून टाकलं. मी धुळ्याहून निघताना पिशवीत साड्यांखाली एक वही आणि कॅल्क्युलेटर ठेवला.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून थोडं आत. चौदा एकर जमीन. कपाशी, ज्वारी, हरभरा, पाणी पुरलं तर गहू. जमिनीची वाटणी अवघड गेली नाही. कुठली काळी भारी, कुठली मुरमाड, कुठल्या बांधाला रस्ता लागतो, हे भावांना तळहातासारखं ठाऊक. दुपारच्या जेवणापर्यंत तीन वाटे पडलेसुद्धा. तिसरा वाटा माझा. हक्कसोड पत्रावर मी सही करणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं, आणि भावांनी ते मान्य केलं होतं. खानदेशात ही गोष्ट अजून सहज होत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

अडलं ते विहिरीपाशी.

ही विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदलेली. मी तेव्हा चार वर्षांची. सुरुंगाचा दणका, मग उडालेली धूळ, यारीचा कर्रकर्र आवाज आणि आईनं थापलेल्या लाल मिलोच्या भाकरी, एवढंच मला आठवतं. नऊ परस खोल गेल्यावर पाणी लागलं. खोदाईला आबा होते, चुलतकाका होते, आणि आमचे सालदार होते. त्यांना आम्ही पोरं 'बाबा' म्हणायचो. त्यांची मजुरी अर्धी रोख, अर्धी ज्वारी. पुढे १९८० च्या सुमारास मोटर बसली, मग पाइपलाइन आली, अलीकडे ठिबक. आज विहीर ज्या गटात आहे तो गट दादाच्या वाट्याला आला होता. म्हणजे विहिरीची किंमत ठरवून दादानं बाकी दोघांना तेवढा पैसा द्यायचा.

किंमत किती?

बापू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, नाशिकला नोकरीला असतो. तो म्हणाला, आज अशी विहीर खोदून बांधून घ्यायची तर आठ लाख लागतील, तेवढी धरा. दादा म्हणाला, खोदायला किती लागतात याच्याशी मला काय करायचंय, विहीर मला देते काय ते बघ. त्याच्या हिशोबानं पाण्यामुळे कोरडवाहूपेक्षा वर्षाला चाळीस हजार जास्त सुटतात, सगळा खर्च वजा जाता. बापूनं तोही आकडा मान्य केला. "मग सोपं आहे," तो म्हणाला, "बँकेत कितीची ठेव ठेवली की वर्षाला चाळीस हजार व्याज येईल? आठ टक्के धर. पाच लाख."

दादा गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्हाला द्यायला पैसा मी आणणार कुठून? शेतीच्या कामाला बँक देईल, वाटणी चुकवायला देईल का? गावातून घ्यावा लागेल, दोन रुपये शेकडा. त्या व्याजानं कर हिशोब."

दोन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस टक्के. चाळीस हजार भागिले शून्य पूर्णांक चोवीस. एक लाख सहासष्ट हजार.

माझ्या वहीत एकाखाली एक तीन आकडे होते: ८,००,०००, ५,००,०००, १,६६,६६७. विहीर एकच. पाणी तेच. चाळीस हजारांवर दोघांचं एकमत. भाऊ दोन्ही प्रामाणिक. आणि मी पंचवीस वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर उत्पादनाचं सूत्र लिहीत आलेली बाई, मला यातला एकही आकडा 'खरा' म्हणून खाली अधोरेखित करता येईना.

त्या क्षणी मला आबांचा प्रश्न आठवला. १९८७ साल असेल. मी अमळनेरला बी.ए. करत होते, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. एका संध्याकाळी याच ओट्यावर कंदिलाशी बसून मी मोठ्यानं पाठ करत होते की उत्पादन हे श्रम आणि भांडवल यांच्यावर अवलंबून असतं. भांडवल वाढवत नेलं की त्याची सीमांत उत्पादकता, म्हणजे आणखी एक माप घातल्यानं वाढणारं उत्पादन, घटत जाते. आणि व्याजाचा किंवा नफ्याचा दर त्या सीमांत उत्पादकतेइतका असतो. आबा चौथी शिकलेले. त्यांनी मधेच थांबवलं.

"श्रम समजनं. मानसं मोजात, दिवस मोजात. भांडवल म्हंजे काय काय?"

मी सांगितलं, बैलजोडी, नांगर, विहीर, मोटर, गोठा, घरातलं बियाणं.

"यास्नी बेरीज कसामा करी? तुना पुस्तकमा विहीर कितली शे?"

मी म्हटलं, रुपयांत. त्यावर ते म्हणाले, "रुप्या कोन ठरावस?" आणि उठून गुरांना वैरण टाकायला गेले. मला वाटलं, अडाणी माणसाची शंका. ती शंका मी तिथेच सोडून दिली, हे मला आजही खुपतं.

पुण्यात एम.ए. करताना मला कळलं की अगदी हाच प्रश्न १९५३-५४ साली इंग्लंडातल्या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी एका निबंधात विचारला होता. विद्यार्थ्याला शिकवतात की उत्पादन हे श्रम आणि भांडवल यांचं फलन आहे. श्रम कसे मोजायचे हे सांगतात. पण भांडवल कोणत्या एककात मोजायचं हे विचारायला त्याला सवडच देत नाहीत, आणि तो विचारील तोपर्यंत स्वतःच प्राध्यापक झालेला असतो. असा त्यांचा आशय. ग्रंथालयात ते वाचताना माझे कान गरम झाले होते. आबांना पत्र लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

जोन रॉबिन्सन तरुणपणी, १९२६ ते १९२८ या काळात, ग्वाल्हेरला राहिलेल्या. त्यांचे पती तिथल्या लहान महाराजांचे शिक्षक होते. इथली गावं त्यांनी किती पाहिली असतील कोण जाणे, पण हा प्रश्न शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून विचारावा असाच आहे.

आता मुद्दा नीट समजावून सांगते, कारण तो बहुतेक ठिकाणी फार लवकर आटोपतात.

समजा सगळं जग ज्वारीचं आहे. बियाणं ज्वारी, मजुरांची खावटी ज्वारी, पीक ज्वारी. दहा क्विंटल ज्वारी घातली, तेरा क्विंटल आली. वाढावा तीन क्विंटल, म्हणजे तीस टक्के. इथे भाव लागत नाही, पैसा लागत नाही, सावकार लागत नाही. भांडवल क्विंटलात मोजता येतं आणि नफ्याचा दर शेताच्या बांधावरच निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो यांच्या मनात सुरुवातीला असंच काहीतरी होतं, असं केंब्रिजमधले इटालियन अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा यांनी रिकार्डोचं समग्र साहित्य संपादित करताना दाखवलं. या जगात पुस्तकातलं सूत्र तंतोतंत बरोबर आहे.

पण बियाणं ज्वारीचं आणि नांगर लोखंडाचा झाला की क्विंटल आणि नग यांची बेरीज होत नाही. भाव लागतात. नांगराच्या भावात काय असतं? लोहाराची मजुरी, लोखंडाची किंमत, आणि त्या सगळ्यावर जितके दिवस पैसा अडकला तितक्या दिवसांचं व्याज किंवा नफा. म्हणजे नांगराचा भाव काढायला नफ्याचा दर आधी माहीत हवा. आणि पुस्तक म्हणतं, नफ्याचा दर हा भांडवलाच्या राशीवरून ठरतो. राशी मोजायला दर हवा, दर काढायला राशी हवी. आमच्या ओट्यावर झालं ते हेच. दादा आणि बापू यांचं भांडण विहिरीवरून नव्हतंच, व्याजाच्या दरावरून होतं.

इथे कुणी म्हणेल, यात नवल काय? दर माहीत असला की कुठल्याही वस्तूची किंमत काढता येते, बँकेतला कारकूनही काढतो. खरं आहे. दर बाहेरून हातात आला असेल तर किंमत काढायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती ती काढलेली किंमत उलट फिरवून 'भांडवलाची राशी' म्हणून वापरायला, आणि त्या राशीवरून दर 'सिद्ध' करायला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जे. बी. क्लार्क यांनी १८९९ साली मांडलं की ज्या घटकानं जितकं निर्माण केलं तितकंच त्याला स्पर्धेच्या बाजारात मिळतं. मजुराला मजुरानं केलेलं, भांडवलाला भांडवलानं केलेलं. सगळं व्यवस्थित, कुणाचं कुणाकडे देणं नाही. हे वाक्य उभं राहायचं तर भांडवल ही नफ्याआधी मोजता येणारी वस्तू असायला हवी. ती तशी नाही.

या वादाच्या दुसऱ्या बाजूला होतं दुसरं केंब्रिज, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं. पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो. सोलो यांनी १९५७ च्या निबंधात हिशोब केला होता की १९०९ ते १९४९ या काळात अमेरिकेतलं श्रमाच्या दर तासामागचं उत्पादन वाढलं त्यातला सुमारे सात-अष्टमांश भाग तंत्रातल्या प्रगतीमुळे आणि उरलेला भांडवल वाढल्यामुळे. तो हिशोब करायला 'भांडवल' हा एकच आकडा लागतो. ऑस्ट्रेलियाचे ट्रेव्हर स्वॉन यांनी १९५६ साली तर मोकळेपणानं लिहिलं की आपण भांडवलाला मेकॅनो खेळण्याच्या तुकड्यांसारखं, हवं तसं जोडता-मोडता येणारं धरतो आहोत, आणि हे एक बुजगावणं आहे, निर्देशांकांच्या पाखरांना, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एका आकड्यात बसवण्याच्या अडचणींना, आणि खुद्द जोन रॉबिन्सनना दूर ठेवण्यासाठी. मला हे बुजगावणं फार आवडतं. ज्वारी हुरड्यात आली की आमच्या शेतातही ते उभं असायचं. पाखरं दोन-चार दिवस बिचकतात. मग त्याच्या खांद्यावर बसतात.

१९६० साली स्राफा यांचं वस्तूंनी वस्तूंचं उत्पादन कसं होतं यावरचं पुस्तक आलं. शंभरेक पानांचं. त्याचे पहिले कच्चे आराखडे त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी केले होते. त्यातलं सुरुवातीचंच एक उदाहरण मी दर वर्षी वर्गात घेते. २८० माप गहू आणि १२ टन लोखंड लावून ४०० माप गहू होतो. १२० माप गहू आणि ८ टन लोखंड लावून २० टन लोखंड होतं. वाढावा काहीच नाही, जितकं लागलं तितकं परत आलं. तरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचं तर अदलाबदल कोणत्या भावानं व्हायला हवी ते ठरलेलंच आहे: दहा माप गव्हाला एक टन लोखंड. इथे कुणाची आवड-निवड नाही, मागणीची वक्ररेषा नाही. विद्यार्थी स्वतः कागदावर करतात आणि उत्तर आलं की चमकतात. पुढे वाढावा आला की मात्र एक धागा सुटा राहतो. मजुरी ठरली तर नफा निघतो, नफा ठरला तर मजुरी निघते, पण दोन्ही एकदम उत्पादनाच्या तंत्रातून निघत नाहीत. एक बाहेरून यावं लागतं. स्राफा सुचवतात की नफ्याचा दर पैशाच्या व्याजदरावरून, म्हणजे उत्पादनाच्या बाहेरून ठरत असू शकतो. मला इथे दादाचं 'दोन रुपये शेकडा' ऐकू येतं.

या पुस्तकाचं एक महत्त्वाचं परीक्षण मुंबईत लिहिलं गेलं, हे इकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. कृष्णा भारद्वाज, कारवारला जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या. संपादक सचिन चौधरी यांनी ते पुस्तक त्यांच्या हाती दिलं आणि 'इकॉनॉमिक वीकली'त १९६३ साली त्यांचा लेख आला. तो स्राफांच्या नजरेत भरला आणि पुढे त्या केंब्रिजला गेल्या. नंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचं केंद्र उभारलं. त्यांनी भारतातल्या शेतीवरही लिहिलं. गावात कर्ज देणारा, धान्य घेणारा, जमीन कसायला देणारा आणि मजुरी देणारा माणूस एकच असतो, मग चार वेगळे बाजार कसे मानायचे, हा त्यांचा प्रश्न. भांडवलाचा वाद आणि सावकाराचा ओटा त्यांनी एकाच नजरेनं पाहिला. मी एम.ए.ला असताना त्या हयात होत्या. १९९२ साली गेल्या.

आता वादातला कळीचा भाग. सॅम्युएलसन यांनी १९६२ साली म्हटलं की ठीक आहे, भांडवल ही एक राशी नसेल, पण ती आहे असं मानून सांगितलेली गोष्ट खऱ्या जगासारखीच वागते. व्याज उतरलं की लोक जास्त भांडवलाची, लांब पल्ल्याची पद्धत घेतात. व्याज चढलं की कमी भांडवलाची. दृष्टान्त म्हणून चालेल. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं, डेव्हिड लेव्हारी यांनी, १९६५ साली सबंध अर्थव्यवस्थेसाठी याला आधार देणारी सिद्धता छापली. त्याच वर्षी रोमच्या एका परिषदेत इंग्लंडच्या केंब्रिजमधले लुइजी पासिनेत्ती यांनी ती चुकीची असल्याचं दाखवलं.

चूक कुठे आहे हे समजायला सॅम्युएलसन यांनी नंतर स्वतःच दिलेलं उदाहरण उत्तम आहे. त्यांनी शॅम्पेन बनवण्याच्या दोन पद्धती घेतल्या. मी आकडे त्यांचेच ठेवते, फक्त श्रमाच्या एका मापाला दहा हजार रुपये धरते आणि शॅम्पेनऐवजी एखादं शेतीचं काम. पहिली पद्धत: फळ हाती यायच्या दोन वर्षं आधी एकदम ७०,००० घालायचे. दुसरी: तीन वर्षं आधी २०,००० आणि एक वर्ष आधी ६०,०००. फळ तेच.

व्याज वर्षाला १० टक्के असेल तर पहिलीला ८४,७०० पडतात, दुसरीला ९२,६२०. पहिली स्वस्त. आता सावकार पाच रुपये शेकडा लावतो, वर्षाचे ६० टक्के. पहिली १,७९,२००, दुसरी १,७७,९२०. दुसरी स्वस्त. इथपर्यंत पुस्तक खूश. आता अडलेल्या माणसाला लावतात तो दर घ्या, दहा रुपये शेकडा, वर्षाचे १२० टक्के. पहिली ३,३८,८००, दुसरी ३,४४,९६०. पहिली पुन्हा स्वस्त!

ताडून पाहा, वही-पेन्सिलीनं पाच मिनिटांचं काम आहे. ५० टक्क्यांना पद्धत बदलते आणि १०० टक्क्यांना परत पहिलीवर येते. मग सांगा, या दोघींतली 'जास्त भांडवलाची' पद्धत कोणती? व्याज कमी असताना पहिली घेतली म्हणून ती जास्त भांडवलाची म्हणावी, तर व्याज कडाडल्यावरही तीच घेतली जाते. भांडवल नावाची राशी पद्धतीच्या पोटात आधीपासून बसलेली असती तर असं झालंच नसतं.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'नं या प्रश्नावर लेखमालाच छापली. त्यात लेव्हारी आणि सॅम्युएलसन या दोघांनी मिळून मान्य केलं की आधीचं प्रमेय खोटं आहे. सॅम्युएलसन यांनी समारोपाच्या लेखात लिहिलं की व्याज आणि भांडवल यांची ती साधी सरळ गोष्ट सर्वत्र खरी नाही. इतक्या मोठ्या माणसानं, हयातीत, छापून चूक कबूल करणं ही विद्येच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

पण मग काय झालं? काहीच नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या क्रमिक पुस्तकांत व्याज उतरलं की भांडवल वाढतं, हे दाखवणारी तीच वक्ररेषा उजवीकडे उतरत जाते. कुठे तळटीपही नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी विद्यार्थ्यांना सांगते, कारण ते पोकळ नाही. फ्रँक हान, ख्रिस्तोफर ब्लिस यांच्यासारख्यांनी म्हटलं की सर्वंकष समतोलाच्या, म्हणजे सगळे बाजार एकदम धरणाऱ्या, सिद्धान्तात भांडवल एक राशी म्हणून लागतच नाही. तिथे प्रत्येक यंत्र, प्रत्येक बियाणं वेगळं धरता येतं. बरोबर. शिवाय प्रत्यक्ष आकडेवारीत पद्धत परत उलटण्याची उदाहरणं तुरळकच सापडली आहेत. तेही खरं. आणि इंग्लंडच्या केंब्रिजनं पाडापाडी जितक्या जोरात केली तितक्या जोरात नवी इमारत बांधली नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. तरी माझं मन तिथे थांबत नाही. सगळं वेगळं धरायचं तर मग क्लार्कचं ते 'ज्याचं त्याला' कुठे राहिलं? वेगळं धरणारे सिद्धान्ताच्या दालनात बसतात आणि वर्गात, अहवालात, वर्तमानपत्रात तोच एक आकडा फिरत राहतो. अपवाद तुरळक असल्यानं हिशोब करायला धीर येईल, पण भांडवल मोजायचं एकक त्यातून सापडत नाही.

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. विहीर खोदणारे आमचे सालदार बाबा. त्यांचं साल आखाजी ते आखाजी. वर्षाचा आकडा ठरायचा, दोन जोड कपडे, पायताण, महिन्याची खावटी. त्या आकड्याबद्दल मी लहानपणी ऐकलेलं वाक्य एकच होतं: 'गावात जे चालतं ते.' पुढे शिकले तेव्हा पुस्तकानं सांगितलं की तो आकडा म्हणजे त्यांची सीमांत उत्पादकता. म्हणजे विहीर झाल्यावर जे पीक वाढलं ते विहिरीनं वाढवलं, विहीर आमची, म्हणून पीक आमचं. आणि बाबांनी सुरुंगाची भोकं पाडली त्याचं मोल १९७२ सालच्या अर्ध्या ज्वारीत चुकतं झालं. मी हे फळ्यावर लिहिलं आहे, बाबांचा नातू माझ्या वर्गात बसलेला असताना. त्यानं ते उतरवून घेतलं. परीक्षेत बरोबर लिहिलं. मी त्याला पूर्ण गुण दिले. त्या दिवसापासून या धड्याला मी दोन तास जास्त देते आणि रॉबिन्सन, स्राफा, पासिनेत्ती यांना अभ्यासक्रमात नसले तरी वर्गात आणते. परीक्षेत येणार नाही हे आधीच सांगते. तरी पोरं बसतात. विशेषतः ज्यांच्या घरी कर्ज आहे ती.

तर त्या संध्याकाळी वहीतले तिन्ही आकडे मी भावांसमोर ठेवले आणि म्हटलं, यातला कुठलाही मी खरा म्हणू शकत नाही. बापू वैतागला. "मग एवढं शिकून उपयोग काय?" दादाही म्हणाला, वकिलाकडे जाऊ, सरकारी मूल्यांकन करून घेऊ. मी म्हटलं, मूल्यांकन करणारा एक दर धरेल. तो दर कुणाच्या सोयीचा, एवढंच ठरायचं आहे, आणि ते आपण तिघंच ठरवू शकतो. मग मी त्यांना सात वर्षांच्या पोरांना सांगावं तसं ज्वारीच्या जगापासून सगळं सांगितलं. आई आतून ऐकत होती. वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच उंबऱ्यात बसली.

मार्ग वहिनीनं काढला. तिच्या माहेरी, पारोळ्याकडे, चार भावांत एक विहीर आहे आणि तिची किंमत कुणी कधी काढलीच नाही. पाळ्या आहेत. चार दिवस याचे, चार दिवस त्याचे, आटली तर सगळ्यांची आटली. मोटरीचा खर्च ज्याची पाळी त्याचा, गाळ काढायचा खर्च सारखा. "किंमत कसाले काढतस," ती म्हणाली, "कोनी विकनार शे का?"

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही वाराप्रमाणे पाळ्या लावल्या. वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री असते ते धरून. दादाला चार दिवस, कारण गहू तोच करतो. बापूला दोन. मला गुरुवार. बापूचे दोन दिवस दादाच वापरणार आणि त्याबद्दल सुगीला गहू पोचवणार, पैसा नाही. सातबाऱ्यावर विहीर सामाईक लावायची असं ठरलं.

माझ्या वाट्याची जमीन मी बाबांच्या मुलाला अर्धेलीनं द्यायचं ठरवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा मी हिशोबाची वही उघडली नव्हती. त्यानंच विषय काढला. जमीन माझी, पाणी गुरुवारचं माझं, मेहनत त्याची. "ताई, बियानं कोनं?" मी म्हटलं, अर्धं-अर्धं, खतसुद्धा. तो जरा थांबला. म्हणाला, गावात आता साठ-चाळीसही करतात, कसणाऱ्याला साठ. मी विचारलं, कोण करतं? त्यानं दोन घरं सांगितली. आईनं मान हलवली, खरं आहे.

साठ-चाळीस ठरलं. मिरगाला तो कपाशी लावणार आहे, आणि पहिल्या गुरुवारी मी गावी जाणार आहे.